आधी बांध, मग जोण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे, देणगीदारांचे आभार मानावेत आणि जेवणाची वेळ टळण्यापूर्वी खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आभार मानण्याचे काम माझ्यामागून बोलणारे करतीलच. जेवणाच्या वेळेचे भान मी ठेवीन. गुणगान मात्र मी थोडक्यात आटोपतो. पन्नास वर्षे एका ज्ञातीच्या चार माणसांनी एकत्र बसून हिशेब ठेवला, मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना हात दिला आणि एवढ्या काळात कोर्टाची पायरी एकदाही चढली नाही, यातच सगळे आले. आपल्यातील भांडणप्रियता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शेवटच्या गोष्टीचे मोल अधिक वाटेल.

मी सांगणार आहे ते निराळे आहे. माझी सारी नोकरी बांध, पाट आणि पाण्याच्या मोजमापात गेली. त्यामुळे ‘संस्था टिकतात कशा’ असा प्रश्न मनात आला की मला कंपन्यांची आणि बँकांची उदाहरणे आठवत नाहीत. आठवते ते आपल्या गोव्याचे खाजन. ज्या संस्थेला आपल्या पायाखालच्या जमिनीची आणि पाण्याची निगा राखावी लागते, तिच्यात आणि केवळ पैशाचा व्यवहार पाहणाऱ्या संस्थेत काय फरक पडतो, हे खाजनाइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा खाजनाच्या काठी वाढले. पण नव्या पिढीसाठी थोडे सांगितले पाहिजे. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या मुखांशी समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर कित्येक मैल आत येते. या नद्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. नुसती सोडून दिली तर ती दिवसातून दोनदा पाण्याखाली जाईल. आपल्या पूर्वजांनी तिच्याभोवती चिखल, गवत-पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घातले आणि नदीच्या हातून ती सोडवून घेतली. अशी खाजने गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर आहेत. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या भूमीचा जवळजवळ विसावा हिस्सा माणसाच्या हाताने, टोपलीटोपलीने मिळवलेला आहे.

या बांधात जागोजाग मानस असते. मानस म्हणजे पाणी आत-बाहेर करण्याचे लाकडी दार. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीला मिळते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्यानेच ते आपोआप मिटते. यंत्र नाही, इंजिन नाही. चंद्र हाच त्याचा चालक. आत, बांधाला लागून, सखल भागात पोंय असते. तेथे पाणी साठते आणि मासळी वाढते. पावसाळ्यात गोव्यात पडणारा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो आणि मग तेथे कोरगुट भात उभे राहते. हे भात थोडा खारेपणा सोसते. पीक निघाले की काही खाजनांत मिठागरे चालत. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून कोळंबी, शेवटे, खेकडे धरण्याचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जाई. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ! बाहेरच्या अंगाला तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडे राखीत; लाटांचा मार ती अंगावर घेत आणि बांध वाचवीत. ही झाडे कोणी लावली नसतील. परंतु ती तोडू नयेत एवढी समज निश्चित होती.

आता या व्यवस्थेचे मर्म असे की, बांध कधीही ‘पुरा’ होत नाही. धरण बांधले की उद्घाटन होते, फीत कापली जाते, हार घातले जातात. मातीच्या बांधाला उद्घाटन नसते. खेकडा त्याला रोज भोके पाडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढते आणि त्या बोटभर भोकातून पाझर सुरू होतो. त्या दिवशी दोन टोपल्या चिखल टाकला तर काम भागते. चार दिवस गेले की हातभर खांड पडते. पंधरवड्याने पुढचे उधाण येईपर्यंत कोणी पाहिलेच नाही तर भगदाड पडते आणि मग एकट्याचे शेत जात नाही, त्या बांधामागच्या सगळ्यांचे जाते. एकदा शिरलेले खारे पाणी पुढचे काही हंगाम पीक नीट येऊ देत नाही. म्हणून बांधावर फिरून पाहणारा माणूस नेमलेला असे, दुरुस्तीचे काम वाटून दिलेले असे आणि त्यासाठी पैसा आधी बाजूला काढलेला असे.

हे सारे चालविणारी संस्था म्हणजे गावकारी. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. ती त्यांनी स्थापन केली असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने जो फोराल, म्हणजे सनद, काढला, तो गावकाऱ्यांच्या आधीपासून चालत आलेल्या रूढी लिहून घेण्यासाठी. राज्य नवे, धर्म नवा, भाषा नवी. पण सारा तर वसूल व्हायचा! बांध राहिला तर भात पिकणार, भात पिकले तर सारा येणार. जेत्यालाही हे कळले आणि त्याने गावकारीला हात लावला नाही. पुढे कायदे झाले, संहिता झाल्या, सरकारी देखरेख आली. तरी सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आजही गोव्याच्या दप्तरात आहेत. आपल्या मूळ गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संस्थांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ज्यांना अधिक जाणून घ्यायचे त्यांनी ते अवश्य वाचावे.

गावकारीच्या हिशेबाची रीत मला फार विचार करायला लावते. शेते ठराविक मुदतीने पावणीने खंडाला दिली जात. मानशीचे उत्पन्न येई. त्या उत्पन्नातून प्रथम सारा, देवस्थानाचा खर्च, गावच्या सेवेकऱ्यांचे वाटे आणि बांध-मानशींची दुरुस्ती. एवढे भागवून जे उरेल ते गावकारांमध्ये वाटले जाई. या वाट्याला जोण म्हणत. आधी बांध, मग जोण. एखाद्या वर्षी बांध फार खचला तर जोण थोडे मिळे, कधी मिळतही नसे. त्यावर कुरकूर होत असेल, नव्हे झालीच असेल. पण क्रम उलटा करावा असे कोणाला सुचले नाही, कारण जोण घेणारा गावकार त्याच बांधाच्या आत राहत होता. पाणी शिरले असते तर त्याच्याच अंगणात शिरले असते.

ही संस्था सोन्याची होती असे मी मुळीच म्हणत नाही. गावकार म्हणजे ठराविक कुळांतले पुरुष. बायकांना त्यात स्थान नव्हते. बांधावर चिखल टाकणारे हात आणि जोण मोजून घेणारे हात बहुधा वेगवेगळे असत, आणि पहिल्या हातांना सभेत बोलण्याचा अधिकार नसे. जुन्याचा अभिमान बाळगताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे. पण अन्याय होता म्हणून ती बुडाली, असेही म्हणता येत नाही. ती बुडू लागली ती अन्य कारणांनी, आणि आपल्यासारख्या न्यासाने त्या कारणांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे.

पहिले कारण फार हळू घडले. एकोणिसाव्या शतकात कोमुनिदादींत भाग निघाले, ते विकता-घेता येऊ लागले. गावकार स्वतः मुंबईला गेले, पुढे आफ्रिकेला गेले, आखातात गेले. जोण मात्र त्यांच्या नावावर निघत राहिले. बांध पाहिलेला नाही, मानस कोणत्या वाड्यात आहे ठाऊक नाही, पण वाटा आपला आहे हे पक्के ठाऊक! संस्थेचा सभासद हळूहळू तिचा केवळ हिस्सेदार बनला. उत्पन्न त्याच्याकडे आणि निगा दुसऱ्याकडे, अशी फारकत झाली. अशी फारकत झालेली संस्था लगेच मरत नाही. ती चालत राहते, सभा भरतात, इतिवृत्ते लिहिली जातात. पण आत पाझर सुरू झालेला असतो.

दुसरे कारण १९६१ नंतरचे. मुक्त गोव्यात १९६४ साली कूळकायदा झाला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. हा कायदा न्यायाचा होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी चिखल तुडवला त्यांना जमीन मिळाली, यात वावगे काय? परंतु जमिनीबरोबर बांधही कुळांकडे गेला. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांवर बांधाची सामाईक जबाबदारी आली आणि मानशींची पावणीही त्यांच्याकडे आली. कोमुनिदादीपाशी जो शतकांचा साठवलेला अनुभव होता, जे दप्तर होते, जी शिस्त होती, ती कायद्याच्या कलमाबरोबर हस्तांतरित होत नाही. ती कागदावर नव्हतीच. बांधावर फिरणाऱ्या माणसाच्या पायांत होती.

मग काय झाले ते आपण पाहिले आहे. भातशेती परवडेना, मजूर मिळेना, पुढची पिढी नोकरीला गेली. मानशीचे उत्पन्न मात्र वाढले, कारण कोळंबीला भाव आला. ज्याने पावणीत मानस घेतली, त्याला मासळी हवी. भाताशी त्याला कर्तव्य नाही. काही ठिकाणी भरतीच्या वेळी दारे उघडी ठेवून खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. भात गेले. मग शेत पडीक. पडीक शेताचा बांध कोण पाहणार? नदीतून खनिजाच्या बार्जेस चालू लागल्या. त्यांच्या लाटांनी कमकुवत झालेले बांध आणखी धसले. आज कित्येक खाजनांत तिवरांचे रान माजले आहे. ज्या झाडांनी बांधाबाहेर उभे राहून शेत राखले, तीच बांध फुटल्यावर शेतात उभी राहिली. झाडांचा यात काही दोष नाही.

२०११ साली केंद्र सरकारच्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख करून तेथे विकासकामांना मनाई करण्यात आली. चांगलेच झाले. परंतु मनाईने बांध बांधला जात नाही. कायदा भराव टाकणाऱ्याचा हात धरू शकतो. खेकड्याचे भोक बुजवण्यासाठी माणूसच लागतो.

मी सरकारी नोकर होतो, म्हणून सरकारला बोल लावायला कचरतो आहे असे कोणी समजू नये. गोष्ट अशी आहे की मोठे भगदाड पडल्यावर सरकार लाखो रुपये खर्च करू शकते आणि करतेही; पण भोक पडल्या दिवशी टोपलीभर चिखल टाकणे कोणत्याही सरकारी खात्याला जमलेले नाही. निविदा निघेपर्यंत तीन अमावास्या होतात!

येथे खानदेशातील फड पद्धतीची आठवण होते. धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून गावांनी तीनशे-चारशे वर्षे पाणी वाटून घेतले. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, कोणते ते सर्वांनी मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी देणार, जागल्या पिकाची राखण करणार, आणि त्यांना धान्यात वाटा. पाणी कमी असलेल्या वर्षी कमी फड भिजवायचे. आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूट सर्वांच्या वाट्याला सारखी येई. मोठ्या जमीनदाराचे हिरवे आणि गरिबाचे करपलेले, असे दृश्य तेथे सहसा दिसत नसे. ही व्यवस्थाही ढासळली ती वरच्या अंगाला मोठी धरणे झाली आणि ज्याच्या त्याच्या विहिरीवर पंप बसला तेव्हा. ज्याला स्वतःचा पंप आहे तो पाटकऱ्याची वाट कशाला पाहील?

ज्यांना हे सगळे शेतकऱ्यांचे जुनेपुराणे वाटत असेल त्यांच्यासाठी सांगतो. एलिनोर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषयात ते मिळवणारी ती पहिलीच स्त्री. तिचे बरेचसे संशोधन अशाच संस्थांवर होते: सामाईक कुरणे, सामाईक पाणी, सामाईक मासेमारी. स्वित्झर्लंडच्या डोंगरातील तोर्बेल नावाच्या एका खेड्याचा दाखला तिने दिला आहे. त्या गावाचे सामाईक कुरणाविषयीचे १४८३ सालचे लेखी करारपत्र उपलब्ध आहे. १५१७ सालचा तेथील एक नियम मला फार आवडतो. ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच गाई त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्यात, अधिक नाहीत. नियम एका वाक्याचा. मोजमाप सोपे. शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गाई आहेत हे कोणाला ठाऊक नसते? असा नियम शहाण्या सल्लागाराने अहवालात लिहून दिलेला नसतो. हिवाळ्यात गाई उपाशी मेलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या तोंडून तो निघतो.

आणि एक उदाहरण जपानचे, व्यापारी संस्थेचे. कोंगो गुमी ही मंदिरे बांधणाऱ्या कारागिरांची पेढी ५७८ साली सुरू झाली आणि एकाच घराण्याकडे चौदाशे वर्षे चालली. इतका दीर्घ काळ चाललेली दुसरी पेढी जगात क्वचितच सापडेल. लाकूड, भूकंप, आगी, युद्धे, सगळ्यांतून ती पार पडली. बुडाली कशात? १९८० नंतरच्या दशकात जपानात जमिनींचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा तिने कर्ज काढून जमिनींत पैसा घातला. भाव कोसळले, कर्ज राहिले आणि २००६ साली तिचा कारभार दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेला. मंदिराचे खांब उभे करण्यात तिची चूक झाली नाही. जे आपले कामच नव्हे त्यात तिने मूळ धन गुंतवले.

मूळ धनाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या गोव्यातलीच एक अलीकडची घटना सांगतो. खनिजाच्या बेसुमार उत्खननाविरुद्ध झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गोव्यातील खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या किमतीतील दहा टक्के रक्कम एका कायम निधीत जमा करावी. का? तर खनिज हे पुढच्या पिढ्यांचेही आहे. एकदा जहाजात चढले की ते परत येत नाही. त्याच्या बदल्यात निदान एक ठेव तरी राहावी. गावकारीच्या हिशेबाचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय? ज्या भूमीत ‘आधी बांध, मग जोण’ हा पाठ शेकडो वर्षे गिरवला गेला, तेथे तोच पाठ दिल्लीच्या न्यायासनाला पुन्हा सांगावा लागला, याची गंमतही वाटते आणि थोडी लाजही.

आता मी आपल्या न्यासाकडे वळतो. आपल्याला बांध नाही, मानस नाही. पण एक जुने घर आहे, त्याच्यामागे बारमाही विहीर आहे, विहिरीभोवती पूर्वजांनी लावलेले माड, फणस आणि सुपारीची बाग आहे आणि बँकेत ठेव आहे. महोत्सवाच्या निमित्ताने बाग काढून तेथे वातानुकूलित सभागृह उभारावे, त्यासाठी ठेवीतील मोठा भाग वापरावा आणि सभागृहाच्या भाड्यातून पुढे न्यास चालवावा, असा विचार विश्वस्तांपुढे आहे. तो अजून ठरलेला नाही, म्हणूनच बोलणे योग्य वाटले. सभागृहाला माझा विरोध नाही. आपल्या मुलींची लग्ने दुसऱ्यांच्या मंडपात लागतात, याचे वाईट वाटणारे इथे बरेच आहेत. त्यांच्या भावनेची मला कदर आहे.

परंतु ठेवीकडे जरा बारकाईने पाहू या. आपण दरवर्षी व्याज वाटतो आणि ‘मूळ धनाला हात लावलेला नाही’ असे अभिमानाने अहवालात लिहितो. किमती वर्षाला सरासरी सहा टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. पन्नास वर्षांत शंभर रुपयांचे मोल जेमतेम साडेपाच रुपयांइतके उरते. वहीत आकडा तोच, पण बांध आतून पोखरलेला! ज्या रकमेच्या व्याजात पूर्वी एका मुलाचे वर्षाचे शिक्षण होत असे, तिच्या व्याजात आता त्याची पुस्तकेही येत नाहीत, हे शिष्यवृत्ती समितीला विचारून पाहा. याचा अर्थ, व्याजातला काही भाग दरवर्षी मुळात मिळवला नाही तर आपण मूळ धनच वाटत असतो. शिष्यवृत्त्या कमी द्याव्या लागल्या तर चार मुले आज नाराज होतील, हे खरे आहे. मला तो निर्णय सोपा वाटत नाही. पण पंचवीस वर्षांनी येणाऱ्या मुलाला आपण काहीच ठेवणार नसलो तर तो येऊन विचारणार कोणाला?

सभागृहाचे भाडे हे उत्तर म्हणून सांगितले जाते. भाडे येईल. पण इमारत ही बांधासारखीच असते. गच्ची गळते, वायरी जळतात, यंत्रे बिघडतात. अंदाजपत्रकात बांधकामाचा खर्च आहे, विद्युत यंत्रांचा आहे, उद्घाटनाच्या जेवणाचाही आहे. दहाव्या वर्षी लागणाऱ्या दुरुस्तीचा आकडा मला कोठे दिसला नाही. इमारती उभारताना देणगीदार पुढे येतात, कारण दगडावर नाव कोरता येते. गच्चीची गळती थांबवणाऱ्याचे नाव आजवर कोणी दगडावर कोरलेले नाही. म्हणून तो पैसा भाड्यातूनच, पहिल्या महिन्यापासून, वेगळ्या खात्यात गेला पाहिजे आणि त्या खात्याला शिष्यवृत्तीच्या नावाखालीसुद्धा कोणी हात लावता कामा नये.

आणि विहीर. बाग काढून सर्वत्र फरशी घातली की पावसाचे पाणी गटारात जाईल. मग विहीर मार्चमध्ये तळ गाठील, टँकर मागवावे लागतील आणि भाड्याचे उत्पन्न टँकरवाल्याच्या खिशात जाईल. उलट एक साधा हिशेब करून पाहा. सभागृहाचे छप्पर दोनशे चौरस मीटर धरले आणि आपल्याकडचा तीन मीटर पाऊस धरला, तर त्या छपरावर दर पावसाळ्यात सहा लाख लिटर पाणी पडते. त्यातले चार-पाच लाख लिटर जरी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात जिरवले, तरी विहिरीला त्याचा आधार होईल. खर्च दोन-चार पन्हाळी, नळ आणि खड्ड्याचा. सभागृह घराच्या पूर्वेकडील मोकळ्या जागेत थोडे आखूड बांधले तर बाग जवळजवळ सगळी वाचते. मी जागा मोजून पाहिली आहे. दोनशे खुर्च्यांऐवजी दीडशे बसतील. लग्नाला दोनशे माणसे आली तर पन्नास माणसे फणसाच्या सावलीत बसतील, आणि मला विचाराल तर सगळे पाहुणे तिकडेच जाण्यासाठी धडपडतील.

ज्यांच्या हातून ही कामे पुढे व्हायची ती माणसे आज कोठे आहेत, ही चिंता मात्र मोठी आहे. आपली मुले पुण्यात, बंगळुरात, दुबईत, कॅनडात आहेत. वर्गणी पाठवतात, फोनवर चौकशी करतात, गणपतीला येतात. मुंबईला गेलेले गावकारही असेच होते! त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्याकडे काम सोपवले पाहिजे, नुसता अहवाल पाठवून भागणार नाही. एकाने हिशेब तपासावा, दुसऱ्याने दरवर्षी गणपतीच्या सुट्टीत छप्पर आणि गच्ची स्वतः चढून पाहावी, तिसरीने विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजणाऱ्या इथल्या शाळकरी मुलांकडून आकडे मागवून ठेवावेत. मुलींचे आणि सुनांचे नाव मी मुद्दाम घेतो. गावकारीने त्यांना बाहेर ठेवले; आपल्या विश्वस्त मंडळातही पन्नास वर्षांत फारशा बायका दिसलेल्या नाहीत. या घराची विहीर कोण उपसते आणि बागेला पाणी कोण घालते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी एकदा सकाळी सहाला यावे.

अजून एक गोष्ट. गेल्या शतकभरात समुद्राची पातळी जगभर सरासरीने वीस सेंटिमीटर चढली. १९०१ ते २०१८ या काळाचा हा आकडा हवामान अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालातला आहे, आणि अलीकडे चढण्याचा वेग वाढला आहे. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. पण भरतीच्या पातळीला टेकलेल्या बांधाला ही वीत फार मोठी असते. आपले घर नदीपासून दूर आहे, म्हणून आपल्याला त्याचे काय, असे म्हणता येईल. परंतु आपल्या ठेवीतला पैसा ज्यांनी दिला, त्यांच्यापैकी कित्येकांची मिळकत खाजनांच्या भातावर आणि माडांवर उभी होती, हे देणग्यांची जुनी वही चाळली तर दिसते. ज्या गावांतून आपण आलो त्या गावांच्या बांधांसाठी न्यासाने काही करावे की नाही, हा प्रश्न मी आज सोडवू शकत नाही. परंतु कोणी तरुणांनी एक खाजन दत्तक घ्यायचे ठरवले तर पहिली टोपली उचलायला मी येईन. वय पाहता अर्धी टोपली म्हणा.

बांधकामाच्या योजनेवर येत्या सर्वसाधारण सभेत मतदान आहे. वर सांगितलेल्या दुरुस्तींचा मसुदा, म्हणजे सभागृहाची बदललेली जागा, दुरुस्तीचे स्वतंत्र खाते, छपराचे पाणी विहिरीकडे नेणे आणि व्याजाचा पाचवा हिस्सा दरवर्षी मुळात मिळवणे, मी कार्यवाहांच्या हाती लेखी दिला आहे. जागेचा नकाशा सोबत जोडला आहे. ज्यांना आकडे पुन्हा तपासायचे असतील त्यांनी माझ्याकडे यावे, मी टेप घेऊन तयार आहे.